भागीबाय, तुझा करांदा मी छापला

प्रिय भागीबाय,

तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. हे पत्र बघून तू काय म्हणाली असतीस, तेही ठाऊक आहे. "मास्तर, आता मेलेल्यांना बी लिवतोस का? जित्यांना लिवून भागलं नाय वाटतं!" म्हण. तुला म्हणायला काय जातं? पण परवा टपाल आलं आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. घरात बोललो तर बायको ऐकून घेत नाही, गावात बोलायला तोंड नाही. आणि मुळात भांडण तुझ्याशीच आहे. मग दुसऱ्या कुणाला लिहू?

टपाल तालुक्याच्या साहेबांचं. तेच, गेल्या दिवाळीनंतर जीपमधून शाळेत आले होते, ज्यांना तू भर व्हरांड्यात "अरे साहेब" म्हणालीस आणि मी मान खाली घातली. ते लिहितात : 'रानातले अन्न' हे आपण तयार केलेले पत्रक जनतेस फार उपयुक्त ठरले. आता दुसरा भाग काढावयाचा आहे, रानातील औषधांचा. तरी त्या कातकरी बाईकडून आपण उतरवून घेतलेली वही घेऊन महाडास यावे. आपला यथोचित सत्कार करण्याचे योजिले आहे.

'त्या कातकरी बाईकडून'! बघ, तुझं नावसुद्धा त्यांना ठाऊक नाही. ठाऊक असणार कसं? मी कुठं लिहिलं होतं?

आणि उपयुक्त म्हणे! कुणाला गं उपयुक्त? श्रावणात तू गेलीस. आता भाद्रपद संपत आला. तुझ्या वाडीतल्या अकरा झोपड्यांमध्ये आढ्याला टोपल्या टांगलेल्या असतात ना, त्यातल्या एकीत तरी यंदा काही आहे का? पण साहेबांच्या कचेरीतून ते दिसत नाही. तिथून पत्रक दिसतं. छान पिवळ्या कागदाचं.

तुला आठवतं, मी बदली होऊन इथं आलो तेव्हा? महाडच्या बाजारपेठेत वाढलेला माणूस मी, कापडे गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी येऊन पडलो. आठ दिवसांत धाकटीला खोकला झाला. पोर रात्रंदिवस खोकायची. तू खेकडे विकायला दारात आलीस, पोरीकडे बघितलंस, खेकडे तिथंच टाकलेस आणि रानात गेलीस. आलीस ती कसलातरी पाला चुरून, मुठीत बंद करून. दोन दिवसांत पोर अंगणात पळायला लागली.

झालं! मला वेड लागलं. एवढं ज्ञान या एका बाईच्या डोक्यात, आणि डोक्याचं काय, आज आहे उद्या नाही. हे उतरवून ठेवलं पाहिजे. मी बिरवाडीहून जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि दर रविवारी वाडी चढायला लागलो. तीन वर्षं, भागीबाय! पायाला जळवा लागल्या, एकदा घसरून ढोपर फुटलं, गावातले लोक हसले. "मास्तर कातकरणीचा शिष्य झाला" म्हणाले. मी कुणाची पर्वा केली नाही.

तू झोपडीच्या दारात मिश्री लावत बसायचीस आणि सांगायचीस. मी लिहायचो. लिहून झालं की म्हणायचीस, "वाच बगू परत." मी वाचायचो. तू मान डोलवायचीस, जणू माझी परीक्षा घेत होतीस. "बरोबर लिवलंस. पुढच्या ऐतवारी आजच्यासारका इसरू नको, तंबाकू आन." मला वाटायचं, काय ही बाई! अक्षर ओळखत नाही आणि बिनचूकपणाची केवढी काळजी!

त्याबद्दल नंतर बोलतो. त्याबद्दल मला तुझ्याशी फारच बोलायचं आहे.

आधी करांद्याचं. गेल्या वर्षीचा पाऊस. रेशनवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, तेवढी मिळायची, आणि तीही यायची बंद झाली, कारण रस्ता दोन ठिकाणी खचला आणि लॉरी पलीकडेच राहिली. गावात ज्यांची शेती होती त्यांच्या कणगीत थोडंफार भात होतं. मास्तराच्या घरात कसली कणगी? उसनं आणलं, तेही संपलं. चौथ्या दिवशी हिनं चूलच पेटवली नाही. पेटवून करणार काय? पोरी निजून होत्या, उठून बसायचासुद्धा त्यांना कंटाळा आला होता. मी दाराशी बसून उगाच पाटीवर रेघोट्या ओढत होतो.

तू पावसातून इरलं घेऊन आलीस. आमच्या छपराकडे बघितलंस, धूर नव्हता. परत गेलीस आणि तासाभरानं पदरात सुकलेल्या चकत्या बांधून आणल्यास. पिवळट, कडक, लाकडाच्या ढलप्या वाटाव्या अशा. हिला म्हणालीस, "गो पोरी, शिजव. मीठ असंल तर घाल, नसंल तर नुसतं खा." कडू करांद्याच्या, त्या रानातल्या कंदाच्या, चकत्यांवर आम्ही नऊ दिवस काढले. धाकटीनं तर परत मागून खाल्लं.

दहाव्या दिवशी लॉरी आली, आणि मी काय केलं? वही घेऊन तुझ्याकडे आलो! लाज म्हणून वाटली नाही. "भागीबाय, हे काय होतं? कसं करतात?"

तू मिश्रीची डबी बाजूला ठेवलीस. मग मिश्रीचं बोट धुतलंस. ते मला आज आठवतंय. बाकी कधी बोट धुवून सांगायला बसली नव्हतीस. आणि सगळं सांगितलंस. करांदा पातळ कापायचा, राखेच्या पाण्यात उकळायचा, टोपलीत भरून वाहत्या वहाळात एक दिवस एक रात्र ठेवायचा, पुन्हा उकळायचा, मग वाळवायचा. एवढं केलं तर अन्न, नाही केलं तर ओकाऱ्या. वेल सुकेपर्यंत खणायचा नाही. खणला तरी वरचा डोळा, कोंब फुटतो तो, कापून त्याच खड्ड्यात परत पुरायचा.

आणि मग मला रानात नेऊन गाठ दाखवलीस. श्रावण होता, वेली हिरव्यागार चढल्या होत्या. तू म्हणालीस, "आता दिसत्यात. दिवाळीनंतर पानं गळली की येल काडीसारकी व्हतंय, कुटं करांदा हाय ते उमगत नाय. म्हनून आत्ताच बुडाशी गाठ मारून ठेवायची." मी विचारलं, दुसऱ्या कुणी येऊन खणला तर? तुला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणालीस, "कसा खनंल? गाठ हाय ना! ही माजी, डाव्या अंगाची. ती लख्याची, दुहेरी. गाठीला दुसऱ्यानं हात लावला तर करांदा गोड व्हत नाय, कितीबी शिजव." आणि बिनगाठीच्या? "त्या डुकराच्या. आन् पुढच्या सालाच्या."

राखणदार नाही, कुंपण नाही, तलाठी नाही. वेलीला एक गाठ, आणि अख्खा डोंगर तिचा मान ठेवतो. मी भारावून गेलो होतो गं! खोटं नाही सांगत. वहीत चार पानं लिहिली. घरी येऊन हिला वाचून दाखवली.

मग दिवाळीनंतर साहेब आले. धान्याची टंचाई आहे, सरकारचा लोकांना रानातलं अन्न शिकवायचा विचार आहे, तुमच्या वहीचा बोलबाला ऐकला. माझी छाती फुगली. चार पानांचं एक पान करून द्या म्हणाले. एका कागदावर मावलं पाहिजे. "लोकांच्या उपयोगाचं तेवढं ठेवा गुरुजी. रूढी, समजुती, शपथा वगैरे काढून टाका."

आणि मी काढून टाकलं! माझ्या हातानं, माझ्या टाकानं. कुणाची गाठ कुठली, हात लावला तर काय, बिनगाठीची वेल कुणाची, डोळा परत पुरायचा, सगळं 'समजुती' म्हणून काट मारली. पण गाठ मात्र ठेवली. ती फार उपयोगी वाटली ना मला! माझं वाक्य तुला सांगतो, मला ते पाठ आहे, मरेपर्यंत राहील : 'ओळखण्याची सोपी खूण : सुकलेल्या वेलीच्या बुडाशी गाठ मारलेली आढळते. अशी वेल दिसल्यास खाली कंद हमखास सापडतो.'

सोपी खूण! घराच्या दाराला कुलूप दिसलं म्हणजे आत चीजवस्तू हमखास सापडते, असं चोराला लिहून द्यावं तसं झालं हे. आणि लिहून देणारा कोण, तर गावचा मास्तर. अकलेचा कांदा!

पौषात तू शाळेत आलीस. वर्गाच्या आत तू कधी पाय ठेवत नव्हतीस, त्या दिवशी सरळ टेबलापर्यंत आलीस आणि ओच्यातून सुकलेल्या वेलींचे तुकडे काढून माझ्यापुढं ओतलेस. सगळ्यांना गाठी. डाव्या अंगाच्या, दुहेरी, आणखी कुणाकुणाच्या. म्हणालीस, "मास्तर, सगळं खनून नेलं. खालच्या गावांची मानसं, रस्त्यावरचे बिगारी, कोन कोन आलं व्हतं. बरोबर गाठीपाशीच खनलंय. बिनगाठीच्या येलीला हात नाय लावला. त्यांना कुनी सांगितलं?"

आणि मी... भागीबाय, हे लिहिताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मला कळलंच नाही! मला वाटलं, वा, पत्रकाचा उपयोग झाला. मी खणातून पिवळा कागद काढला आणि तुला मोठ्यानं वाचून दाखवला. खाली माझं नाव होतं, तेही वाचलं. वाचता वाचता 'सोपी खूण' आली, आणि तुझ्या चेहऱ्याकडे नजर गेली, तेव्हा कुठं माझी जीभ अडखळली.

तू विचारलंस, "ह्यात माजं नाव हाय?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं," म्हणालीस. "नायतर वाडीत मला कोनी पानी दिलं नसतं."

तेवढंच. गाठी परत ओच्यात भरल्यास आणि गेलीस. अगं, शिवी तरी द्यायचीस! एरवी कोंबडीला शिव्या देताना तुला डोंगर पुरत नव्हता. मला द्यायला एक शब्द सापडला नाही? टेबल उलथं केलं असतंस, पोरांदेखत चार बोल सुनावले असतेस, तर मी निदान मान खाली घालून ऐकलं असतं. पण तुम्ही लोक गप्प बसता! याचाच मला संताप येतो. तुमचं कुणी काही नेलं की तुम्ही तेवढे तुकडे गोळा करता आणि घरी जाता.

आणि नेलेल्यांनी खाल्लं तरी का? राखेत कोण उकळतो, वहाळात कोण ठेवतो? अर्धवट शिजवून खाल्लं, ओकाऱ्या झाल्या, उरलेलं उकिरड्यावर फेकलं. 'कातकऱ्यांचं खाणं म्हणजे विष' असं वर बोलले. मी उकिरड्यावर पडलेले करांदे या डोळ्यांनी बघितलेत. कंदांचे डोळे परत पुरायचे तर कुणाला सुचलंच नाही, कारण ते मी लिहिलंच नव्हतं.

साहेबांना मी पत्र घातलं होतं, तेही सांगून ठेवतो, नाहीतर म्हणशील मास्तर नुसता हात चोळत बसला. लिहिलं की पत्रक मागे घ्या, वाडीचं नुकसान झालंय. उत्तर आलं की पत्रकाच्या प्रती संपल्या आहेत, मागणी मोठी आहे. काय बोलणार? कपाळ!

यंदाच्या आषाढात वाडीच्या टोपल्या रिकाम्या होत्या. मी पायलीभर तांदूळ घेऊन वर आलो होतो, आठवतं? तू घेतलेस, पण अकरा घरांत वाटून टाकलेस. ओंजळ ओंजळ आले असतील एकेका घराला. मी चिडलो. तू म्हणालीस, "मग काय, माज्या एकलीच्या टोपलीतलं गेलं व्हतं का?"

आणि मग तुला कोणी सांगितलं होतं गं, त्या धो धो पावसात कुडपणच्या डोंगराला चढून जायला? तिकडं अजून न खणलेल्या वेली असतील, हिरव्या तर हिरव्या, म्हणून? वय काय तुझं, पाऊस काय! सकाळी गेलीस ती दुसऱ्या दिवशी परतलीस, अर्धी टोपली घेऊन आणि अंगात ताप घेऊन. पाचव्या दिवशी संपलीस. खाली शाळेत मला कळलं ते तुला पुरून चार दिवस झाल्यावर. गावातला एक जण सहज बोलून गेला, "मास्तर, तुमची गुरूबाय गेली." मी शाळा सोडली आणि मागच्या विहिरीपाशी जाऊन रडलो. ढसाढसा रडलो. हे हिलासुद्धा सांगितलेलं नाही.

तर आता हे सत्काराचं टपाल. परवा मी ते हातात धरून बसलो होतो. खरं सांगू? एक मन म्हणत होतं, वही देऊन टाकावी. करांद्याचं चुकलं ते चुकलं, पण औषधांनी कुणाचं काय जाणार? उलट भागीबाय गेली, आता एवढी वहीच उरलीय तिची. छापली नाही तर तीन वर्षं पाण्यात, आणि तुझं सगळं ज्ञान तुझ्याबरोबर मातीत. यावेळी नाव घालायचं, पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत. ही भाकऱ्या थापत होती. तिनं तोंड वर न करता विचारलं, "वही काय तुमच्या वडिलांची आहे?"

"मी लिहिलीय," मी म्हणालो.

"मागच्या वेळीही तुम्हीच लिहिलं होतं. तिच्या लेकीला जाऊन विचारा आधी."

म्हणून आज सकाळी वाडीवर गेलो. तुझी सोमी दारात मजुरीचं भात पाखडत होती. तुझ्यासारखीच बसते ती, एक पाय पुढे पसरून. साहेबांचं पत्र मी तिला वाचून दाखवलं आणि म्हणालो, "सोमे, तुझ्या आयशीचं आहे, तू सांग. देऊ की नको?"

"काय हाय त्यात, वाच की आधी," ती म्हणाली. लख्या म्हातारा आला, आणखी दोघीतिघी आल्या. मी वही उघडली. पहिलं पान : 'कंबरदुखीवर. मोहाच्या झाडाची उगवतीकडची साल हातभर काढून, उलटी करून कमरेला बांधावी. अकरा दिवस सोडू नये.'

लख्या खोकल्यासारखा काहीतरी आवाज करायला लागला. मला वाटलं, ठसका लागला. मी पुढचं वाचलं : 'काविळीवर. अमावास्येला उपाशीपोटी पळसाच्या तीन मुळ्या चावून मावळतीकडे थुंकावे.' आता बायकांनी तोंडाला पदर लावले. सोमीच्या हातातलं सूप हलायला लागलं. 'दातदुखीवर. खेकड्याच्या डाव्या नांगीची राख...' आणि सोमी फुटली! सूप खाली ठेवलं आणि पोट धरून हसायला लागली. तू गेल्यापासून ती हसली नव्हती म्हणे. आता थांबेचना.

"मास्तर," तिनं कसंबसं सांगितलं, "आयशीनं तुला सगळं खोटं सांगितलंय!"

मी म्हणालो, "सगळं?"

"अरे, मोहाची साल कोन कमरेला बांदतंय?"

मी बांधली होती! अकरा दिवस! सदऱ्याखाली, शाळेत, फळ्यावर लिहिताना करकर वाजायची. आणि लख्या म्हणतो, "आमाला ठावं हाय. आमी बगायला येत व्हतो."

भागीबाय! अगं काय बाई होतीस तू! तीन वर्षं मी जळवा काढत तुझ्या दाराशी बसलो. आणि ते "वाच बगू परत" म्हणजे बिनचूकपणाची काळजी नव्हतीच, आधी काय थाप मारलीय ती विसरू नये म्हणून होतं! मान डोलवत होतीस ती माझ्या अक्षरावर नव्हे, स्वतःच्या करामतीवर. मला एवढा राग आला की वही दाणकन मिटली. विचारलं, "मग खरं कुणाला ठाऊक आहे? गेलं ना सगळं तिच्याबरोबर?"

सोमी डोळे पुसत होती. म्हणाली, "जाईल कशाला? मला काय तिनं खोटं सांगितलंय?"

म्हणजे काही मातीत गेलेलं नव्हतं. जिला द्यायचं तिला दिलेलं होतं. माझ्या वहीवाचून तुझं काडीचंही अडलं नव्हतं, आणि मी इतकी वर्षं समजत होतो की मी एक बुडती गोष्ट वाचवतोय.

रागारागात मी वही पुन्हा उघडली. म्हटलं, एकदाचं सगळंच कळू दे. शेवटची चार पानं वाचली. करांद्याची. कापणं, राख, वहाळ, गाठी, डोळा परत पुरणं.

कोणी हसलं नाही.

मी थांबलो. "हे पण खोटं?"

"नाय," सोमी म्हणाली. "ते खरं हाय."

"मग हेच तेवढं खरं का सांगितलं मला? बाकी सगळ्या थापा, आणि हेच खरं?"

सोमीनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी तू टाकायचीस, मास्तराला साधी गोष्ट कळत नाही म्हणून. म्हणाली, "तवा तुज्या घरात चूल पेटली नव्हती ना. भुकेल्या मानसाला खोटं सांगत नाय आमच्यात. पाप लागतं."

मी वही मांडीवर ठेवली. त्या सबंध वहीत एकच खरी गोष्ट होती, भागीबाय. तू ती माझ्या पोरींच्या पोटाकडे बघून दिली होतीस, बोट धुवून. आणि मी नेमकी तीच छापली.

उठताना सोमीला विचारलं, वहीचं काय करू. तर म्हणते, "साहेबाला दे की! आयशीनं साहेबासाठीच सांगितलीय ती." आणि पुन्हा सगळे हसले. मीही हसलो, काय करणार! करांद्याची चार पानं तिनं मागून घेतली आणि माझ्यासमोर चुलीत घातली. त्यावर भाताचं आधण ठेवलं. मग म्हणाली, "आन् एक सांगते. वेलींची खून आता आमी बदललीया. कशी ते तुला नाय सांगनार." मी म्हणालो, नकोच सांगू. माझ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही.

वही साहेबांना देणार नाही. सोमीचा विनोद चांगला आहे, पण महाडातला कुणी गरीब बिचारा खरंच सालीचा पट्टा कमरेला बांधून हिंडेल, आणि काविळीचा माणूस मुळ्या चावत बसेल. सत्कारालाही जाणार नाही. ज्या ज्या गावात ते पिवळं पत्रक गेलंय, तिथं मात्र जाईन. एकेका रविवारी एकेक गाव. चावडीवर उभा राहून तोंडानं सांगीन की रानात कुणी काही खूण करून ठेवली असली तर ते त्याचं असतं, आणि मास्तरानं लिहिलं ते चूक होतं. लोक हसतील. तुझ्या वाडीनं आधीच हसून घेतलंय, आता मला सवय झाली आहे.

आणि तुला एक वचन देतो. उपाशी माणूस माझ्या दारात आला, तर त्याला जे ठाऊक आहे ते खरं सांगीन, अगदी बोट धुवून सांगीन, पण आधी तुझ्या लेकीला विचारून. साहेबांना उत्तर मात्र आत्ताच लिहिणार आहे. 'वही यंदाच्या पावसात भिजून गेली, अक्षर लागत नाही.' आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर मी खोटं लिहिणार आहे, भागीबाय. पाप लागणार नाही. साहेबांची चूल रोज पेटते.

तुझा,
तंबाखू विसरणारा मास्तर